पाचावरचा ठिपका

घरात कुठे जुना बटणांचा फोन पडला असेल तर तो हातात घ्या आणि न बघता अंगठा फिरवा. मधोमध, पाचाच्या आकड्यावर, बारीकसा उंचवटा लागेल. काही फोनांवर तो ठिपका असतो, काहींवर आडवी रेघ, काहींवर पाचाच्या दोन्ही अंगांना छोटे कंगोरे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो फोन वर्षानुवर्षं वापरला आणि हा ठिपका कधी पाहिलाही नाही; अंगठ्याला मात्र तो ठाऊक होता. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. एवढ्याशा खुणेवर बाकीचे सगळे आकडे जागच्या जागी सापडतात. एटीएमच्या बटणांवरही पाचावर ती खूण असते. संगणकाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या अक्षरांवर अशाच बारक्या रेघा असतात.

ठिपका आहे तो ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. वापरला मात्र सगळ्यांनी. बाकाखाली हात घालून मेसेज लिहिणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी, लाइट गेल्यावर अंधारात नंबर फिरवणाऱ्यांनी, एसटीच्या दांड्याला एका हाताने लोंबकळत घरी ‘निघाले’ म्हणून कळवणाऱ्या माझ्यासारख्यांनी.

बटणांची मांडणीसुद्धा कुणाच्या मनात आलं म्हणून झालेली नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने १९५० च्या दशकात आकड्यांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांपुढे ठेवून पाहिल्या. कुठे बोट कमी चुकतं, कुठे वेळ कमी लागतो, हे मोजलं. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत सात-आठ-नऊ असतात आणि फोनवर एक-दोन-तीन, त्यामागे हा खटाटोप आहे. १९६३ मध्ये तो बटणांचा फोन अमेरिकेत बाजारात आला आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक फोनने, अगदी आपल्या मोबाइलनेही, तीच मांडणी उचलली. अशी मांडणी एकदा बोटांत बसली की तिचा विचार करावा लागत नाही. मला वाटतं, फोन ‘सोपा’ असणं म्हणजे मुळात एवढंच: आपण कुठे आहोत आणि पुढचं कुठे आहे, हे विचार न करता कळणं. अक्षरं मोठी की बारीक, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग काच आली.

कॉलेजातला माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे. मुंबईत नोकरी करतो, रोज लोकलने जातो-येतो. त्याच्याकडे तेव्हा बटणांचा, जरा वरच्या प्रतीचा फोन होता. त्यात पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळे पैसे मोजून टाकून घेतलेलं. २००७ मध्ये आयफोन आला, त्याच्या जाहिराती आम्ही त्याला वर्णन करून सांगत होतो, आणि हा गप्प. शेवटी म्हणाला, “म्हणजे सगळा फोन खिडकीच्या काचेसारखा? मग मी दाबू काय, कुठे?” आम्हाला त्याचं काही उत्तर नव्हतं. पहिल्या आयफोनकडेही नव्हतं. त्यात पडदा वाचून दाखवायची सोयच नव्हती.

उत्तर आलं २००९ मध्ये, दोन ठिकाणांहून. अ‍ॅपलने त्या वर्षीच्या आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर दिलं. बोट काचेवरून फिरवा, खाली जे असेल ते फोन बोलून दाखवेल. हवं ते ऐकू आलं की दोनदा टकटक करा. अँड्रॉइडमध्ये त्याच वर्षी टॉकबॅक आलं. या दुसऱ्या कामात गुगलच्या ज्या संशोधकाचा मोठा वाटा होता, ते टी. व्ही. रामन पुण्याचे. जन्म १९६५ चा. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठात गणित, आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र, आणि मग कॉर्नेलमध्ये पीएच.डी.; तीही गणिताची सूत्रं कानाने समजतील अशी वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर. त्या प्रणालीचं नाव अ‍ॅस्टर, आणि रामन यांना वाट दाखवणाऱ्या कुत्रीचं नावही अ‍ॅस्टर.

रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी टचस्क्रीनसाठी नंबर फिरवण्याची एक युक्ती काढली. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मित्राला लगेच फोन केला होता. काचेवर पाच शोधायचाच नाही. बोट जिथे टेकेल तिथेच पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, तिरकं वर डावीकडे एक. फोन आकडा बोलतो, बोट उचललं की तो आकडा नक्की. चुकलं तर फोन जरा हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो. म्हणजे जो ठिपका काचेवर उमटवणं शक्यच नव्हतं, तो त्यांनी माणसाच्या बोटाला दिला. आधी माणूस पाचाच्या शोधात फिरायचा, आता पाच माणसाकडे यायला लागला. इतका साधा विचार, पण डोळस अभियंत्याला तो सुचणं कठीण. त्याच्या डोळ्यांपुढे आकडे आपापल्या चौकटींत बसलेले दिसत असतात. त्या चौकटी हलवता येतील, हे त्याच्या मनात यायचं कसं?

मित्राची काळजी अशी मिटली. माझ्या आत्याची मिटायची आहे.

आत्या मिरजेला असते. शाळेत गणित शिकवायची. अजून पाढे खणखणीत म्हणते, पेपर चष्म्याने वाचते, पण टचचा फोन तिच्या बोटाला दाद देत नाही. ती म्हणते, “माझं बोट याला माणसाचं वाटतच नाही बघ.” गंमत म्हणजे ती शब्दशः बरोबर आहे. आजच्या फोनची काच दाब ओळखत नाही. काचेखाली एक हलकं विद्युत क्षेत्र असतं; आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की त्या क्षेत्रात बदल होतो आणि फोनला स्पर्श कळतो. वयानुसार कातडी कोरडी होते, हिवाळ्यात आणखीनच. कोरड्या बोटाने होणारा बदल क्षीण असतो, आणि फोन तो कधीकधी सोडून देतो. आधार कार्डासाठी अंगठा उमटत नाही म्हणून रेशनच्या दुकानात खोळंबलेली म्हातारी माणसं आपण पाहिली आहेत. फोनच्या बाबतीतही हाच अनुभव, फक्त घरच्या घरी.

मग आत्या काय करते? जोरात दाबते. दाबणारच. आयुष्यभर दाराची बेल, लिफ्ट, मिक्सर, टेपरेकॉर्डर, सगळं दाबल्यावर चाललं आहे. न चाललं तर आणखी जोरात दाबल्यावर चाललं आहे. फोनला जोर कळत नाही, वेळ मात्र कळते. बोट जरा जास्त वेळ टेकून राहिलं की त्याचा अर्थ ‘उघड’ असा न होता ‘हलव’ असा होतो. अ‍ॅपची चित्रं थरथरायला लागतात, एखादं बोटाला चिकटून भलत्या पानावर जातं, एखादं पुसलं जातं. मग रात्री मला फोन. “अगं, माझं व्हॉट्सअ‍ॅप गेलं.” गेलेलं नसतं. तिसऱ्या पानावर कोपऱ्यात बसलेलं असतं. हा सगळा प्रकार चालू असताना फोन हातातून निसटू नये म्हणून तो दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेला असतो, तेव्हा एका कडेचं पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं जातं आणि पडद्याचा फोटो निघतो. कुठल्याही आजी-आजोबांच्या फोनची गॅलरी उघडून बघा. नातवंडांच्या फोटोंमध्ये अधूनमधून पडद्याचेच फोटो दिसतील, घड्याळात कधी सव्वाअकरा, कधी साडेचार.

यावर उपाय फोनमध्येच आहेत, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. अँड्रॉइडमध्ये बोट किती वेळ टेकलं म्हणजे ‘धरून ठेवलं’ समजायचं, तो अवधी वाढवता येतो. आयफोनमध्ये थरथरत्या हाताचे लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करायला सांगता येतं, बोट पहिल्यांदा टेकलं तीच जागा खरी धरायला सांगता येतं. पण हे सगळं कुठे ठेवलंय? सेटिंग्जमध्ये जा, खाली सरकत राहा, अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा, त्यात आणखी एक यादी, त्यात आणखी एक. म्हणजे ज्या हालचाली जमत नाहीत त्याच सगळ्या ओळीने करून दाखवल्या की मग त्या सोप्या होणार. आत्याच्या फोनमधला तो अवधी तिच्या शेजारच्या मुलीने वाढवून दिला. ती मुलगी शेजारी राहायला आली नसती तर तो तसाच राहिला असता. मी इथे पुण्यात बसून फोनवर ‘आता खाली सरकव, नाही, सरकव, दाबू नकोस’ करत बसले असते.

जपानने हे काम वेगळ्या पद्धतीने केलं. तिथे म्हातारी माणसं फार आहेत, म्हणून असेल, पण फोन बनवणाऱ्यांनी त्यांना गिऱ्हाईक म्हणून गंभीरपणे घेतलं. डोकोमो या कंपनीसाठी फुजित्सूने २००१ पासून ‘राकुराकु’ नावाचे फोन काढले. राकुराकु म्हणजे आरामात, निवांत. पडद्याखाली तीन मोठी बटणं, एक-दोन-तीन. जवळच्या तिघांचे नंबर त्यांवर बसवायचे, मग नावं शोधत बसायला नको. याहून मला आवडलेली त्यातली सोय वेगळीच आहे. समोरचा माणूस भराभर बोलत असेल तर हा फोन त्याच्या बोलण्यातल्या मधल्या रिकाम्या जागा वापरून शब्द थोडे लांबवतो आणि ऐकणाऱ्याला ते संथ ऐकू येतं. आवाज मोठा करणं कुणालाही सुचेल. संथ करणं सुचायला म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलेलं असावं लागतं.

पुढे टचस्क्रीनची लाट आली, तेव्हा २०१२ मध्ये याच मालिकेत एक स्मार्टफोन निघाला. त्याच्या काचेवर नुसतं बोट टेकलं तर खालच्या बटणाचा फक्त रंग बदलायचा. काही उघडायचं नाही, काही हलायचं नाही. आपण कुठे आहोत ते आधी कळायचं. मग जरा जोर देऊन दाबलं की फोन थरथरून सांगायचा, हं, दाबलं गेलं, आणि तेव्हाच काम व्हायचं. आत्याचं बोट त्या फोनला नक्की माणसाचं वाटलं असतं. या मालिकेचे २ कोटींहून जास्त फोन विकले गेले. बनवणारी कंपनी पुढे फुजित्सूपासून वेगळी झाली, २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मग लेनोवोने ती मालिका पुढे चालवायला घेतली. म्हणजे धंदा म्हणूनही हे सोपं नाही.

आपल्याकडे ‘सीनियर सिटिझन फोन’ म्हणून जे मिळतं त्यात मोठ्ठे आकडे, मागे लाल एसओएस बटण, कडेला टॉर्चची कळ आणि एफएम रेडिओ. फोन वाईट नाहीत. घेतात ते बहुधा मुलगे-सुना-मुली, वाढदिवसाला. आणि तो महिन्याभरात कपाटात जातो. आत्यालाही कुणीतरी आणून दिला होता. ती म्हणाली, “हा मी भिशीत काढू? सगळ्या जणी नातवंडांचे फोटो दाखवणार, आणि मी काय, टॉर्च दाखवू?” तिच्या या एका वाक्यात जेवढं आहे तेवढं कुठल्या बाजार-अहवालात सापडणार नाही. म्हातारपणासाठी वेगळा फोन काढणाऱ्यांना म्हातारपण दिसतं, पण त्या माणसाची भिशी, त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा भजनी मंडळाचा ग्रुप, अमेरिकेतल्या नातीचा रविवारचा व्हिडिओ कॉल हे दिसत नाही. मोठे आकडे हवेत, पण त्यासाठी या सगळ्यातून उठून बाजूला बसायची तिची तयारी नाही. का असावी?

एसओएसवरून आठवलं. सरकारने २०१६ मध्ये नियम केला की पुढच्या वर्षापासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर संकटकाळचं बटण हवं. साध्या फोनवर त्यासाठी नेमले दोन आकडे: पाच किंवा नऊ, धरून ठेवायचा. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा पटापट. घाबरलेल्या माणसाला अंधारात, पिशवीत हात घालून पाच सापडू शकतो. त्या पाचाचा उपयोग हा नियम लिहिणाऱ्यांना नेमका कळला होता. पॉवरच्या बटणाचा किस्सा उलटा. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या एका बदलानंतर खिशातल्या खिशात बटण दाबलं जाऊन तिथल्या ९९९ या नंबरवर मुक्या कॉलचा इतका पूर आला की पोलिसांना जाहीर विनंती करावी लागली.

मला खरा राग आहे तो अपडेटचा. रात्री फोन चार्जिंगला लावावा, सकाळी बघावं तर कॉल उचलायचं हिरवं बटण कालच्या जागी नाही. आपल्या स्वयंपाकघरातले डबे कुणीतरी रातोरात बदलून ठेवावेत, जिऱ्याच्या जागी मोहरी आणि मिठाच्या जागी साखर, आणि वर सांगावं की आता जास्त सुंदर दिसतंय, तसं. २०१७ च्या आयफोन एक्सवरून खालचं गोल बटण गेलं. २०१९ च्या अँड्रॉइडने खालची तीन बटणंही ऐच्छिक करून टाकली, कडेवरून बोट ओढलं की मागे, खालून वर ओढलं की मुख्य पानावर. तरुण बोटांना ते चटकन जमलं. पण ते गोल बटण म्हणजे चुकलेल्या माणसाची परतीची वाट होती. कुठेही भरकटा, ते दाबा, ओळखीच्या जागी या. ज्याला भरकटण्याची भीती आहे तो त्या बटणाच्या भरवशावरच नवीन काही करून बघायचा. आता आत्या नवीन काही उघडतच नाही. उघडलं आणि परत येता नाही आलं तर?

मराठीचंही एक दुखणं आहे. अक्षरं मोठी केली की इंग्रजी फुगतं, पण बसतं. देवनागरीला वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात, त्यांना ओळीत वर-खाली जागा लागते. पुष्कळ अ‍ॅपमध्ये ती सोडलेली नसते. मग वेलांटीचा माथा कापला जातो, ‘की’चा ‘का’ वाटतो, आणि बटणावर ‘पुढे जा’ऐवजी ‘पुढे’ आणि तीन टिंबं. ज्याला अक्षरं मोठी लागतात त्यालाच ती अर्धी मिळणार. शिवाय अ‍ॅप मराठीत म्हणायचं, आणि काही बिघडलं की सूचना इंग्रजीत. नेमकं अडल्यावर. मित्राची तक्रार आवाजाची: हिंदीचा आवाज मराठी मजकूर वाचायला लागला की ‘ळ’ची काय गत होते, ते तो मला नक्कल करून ऐकवतो. तरी एक गोष्ट फार चांगली झाली. २०१७ मध्ये गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये बोलून टाइप करायची सोय दिली. आत्या आता निरोप सांगते आणि फोन लिहितो. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, मध्येच कामवालीला दिलेली हाकही त्यात उमटलेली. ज्याचे हात थरथरतात, ज्याला हातच नाहीत, ज्याला जोडाक्षर कसं टाइप करायचं हे कधी कळलंच नाही, त्या सगळ्यांना एकाच माइकच्या चित्राने मोकळं केलं.

माझ्या बाबांचं प्रकरण कानाचं. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी जातात ते तीव्र, वरच्या पट्टीतले आवाज. फोनच्या तयार रिंगटोन बऱ्याचदा नेमक्या तशाच, किणकिणत्या. घरभर वाजत असायच्या आणि बाबा शेजारी बसून पेपर वाचत असायचे. खर्जातली एक टोन लावली, तेव्हापासून उचलतात. श्रवणयंत्र आणि मोबाइल यांचं भांडण तर जुनं. सुरुवातीच्या जीएसएम फोनच्या लहरी सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक-तुटक जायच्या आणि श्रवणयंत्रात त्यांची गुरगुर ऐकू यायची. तुमच्या रेडिओशेजारी फोन ठेवला असताना कॉल येण्याआधी जी ‘टिक-टिर्रर्र’ व्हायची, ती थेट कानात. अमेरिकेत २००३ मध्ये त्यावर नियम करावे लागले, मगच कंपन्या सरळ झाल्या. आता ब्लूटूथने फोन थेट श्रवणयंत्रात बोलतो. पण ‘सात’ की ‘साठ’, हे बाबा अजून दोनदा विचारतात. शेवटचं अक्षर जातं.

आणि दोनदा विचारायला वेळ कुणी देत नाही. बँकेचं काम फोनवर आल्यापासून सगळं घड्याळाशी बांधलेलं आहे. ओटीपी आला, तो मेसेज उघडा, वाचा, लक्षात ठेवा, परत अ‍ॅपमध्ये या, टाइप करा, तोवर मुदत संपली. एकीकडे ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’, दुसरीकडे तो दुसऱ्याने वाचून दाखवल्याशिवाय काम होत नाही. म्हाताऱ्या माणसाला जी मदत लागते आणि जी फसवणूक होते, त्या दोन्ही एकाच दारातून येतात. मित्राच्या बाबतीत याहून विचित्र घडलं. एका बँकेच्या अ‍ॅपने त्याचा पडदा-वाचक चालू असल्याचं ओळखलं आणि सुरक्षेच्या कारणासाठी उघडायलाच नकार दिला. फोनवर डल्ला मारणारी काही लबाड सॉफ्टवेअर त्याच सोयीचा वापर करतात, हे खरं आहे. पण उपाय काय, तर ज्याला ऐकल्याशिवाय दिसत नाही त्याचं ऐकणं बंद. मग त्याने काय करायचं? “शाखेत या,” म्हणाले. शाखेत गेला. तिथे म्हणाले, “अ‍ॅप वापरा ना.”

प्रज्ञा प्रसून यांची गोष्ट या सगळ्याच्या पुढची. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाई बँकेत खातं काढायला गेल्या. डिजिटल ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवायच्या होत्या, माणूस जिवंत आहे याचा पुरावा म्हणून. हल्ल्यामुळे त्यांना पापण्या मिटता येत नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच सुमारास अमर जैन या दृष्टिहीन वकिलांचीही अशीच याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याची पद्धत बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आधीच लिहिलं होतं की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत. २०२१ पासून त्यासाठीचं भारतीय मानकही आहे, आयएस १७८०२. कागद सगळे जागेवर आहेत. पापणीचा प्रश्न मात्र ती बाई न्यायालयात गेल्यावर सुटायला लागला. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या खोलीत एकालाही वाटलं नाही, की एखाद्याला पापणी मिटता येत नसेल.

एवढं सगळं मी एकदा मित्राला ऐकवलं, बटणांच्या फोनच्या आठवणींनी जरा गहिवरून. तो हसायला लागला. म्हणाला, “बटणं तुम्हा डोळस लोकांना आठवतात गं. मला विचारशील तर मी काचेवरून परत जाणार नाही.” बटणांच्या फोनवर तो कॉल करू शकायचा, मेसेज वाचू शकायचा. आज त्याचा फोन पत्र वाचतो, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचतो, फलाटावर पुढची लोकल कुठली ते सांगतो. २०१६ नंतरच्या नोटा लहान झाल्या, स्पर्शाने ओळखणं अवघड झालं, तेव्हा मुंबईच्या राष्ट्रीय अंध संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली होती. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला ‘मनी’ नावाचं अ‍ॅप काढलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरा, किती रुपयांची ते सांगतं, इंटरनेट नसलं तरी. मित्राचं म्हणणं, नोटच नीट बनवली असती तर अ‍ॅप लागलं नसतं, पण फोन आहे म्हणून निदान एवढं तरी झालं. आत्याला ज्या काचेने दुबळं केलं, त्याच काचेने त्याला मोकळं केलं. दोघांसाठी एकच उत्तर शोधायचा माझा हट्ट त्याने तिथेच मोडून काढला.

त्याचं सध्याचं भांडण दुसऱ्याच काचेशी आहे. दुकानात कार्ड घासायच्या यंत्रावर पूर्वी बटणं असायची, पाचावर ठिपका असायचा, तो पिन स्वतः टाकायचा. आता पुष्कळ दुकानांतली यंत्रं नुसत्या काचेची, आणि मुकी. दुकानदार आपुलकीने म्हणतो, “पिन सांगा साहेब, मी टाकतो.” पिन सांगायची कशी? म्हणून त्याने कार्ड नेणंच सोडलं. दुकानदार क्यूआरचा फलक त्याच्या हातात देतो, हा त्याच्या कडा चाचपून वर फोन धरतो, एका कानातल्या इयरफोनवर ऐकत रक्कम आणि पिन टाकतो. त्याच क्षणी गल्ल्याजवळची डबी ओरडते: “दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले.” ही डबी त्याच्यासाठी कुणी केलेली नाही. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुकानदाराला सारखं फोनमध्ये बघायला नको, म्हणून ती आली. पण आपले पैसे बरोबर गेले, हे मित्राला कुणालाही न विचारता कळतं. फक्त त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या कुणी पैसे पाठवले आणि डबी लागोपाठ दोन रकमा ओरडली, की गोंधळ होतो. मग तो विचारतो, “यातले माझे कुठले?” आणि दुकानदार चष्मा शोधत म्हणतो, “थांबा, मलाही बघू दे.”